लोण्याच्या अलीकडे

ऑक्टोबरात बोईसरला दुपारी जे होतं त्याला उकाडा म्हणतात. संध्याकाळी जे होतं त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. पाचच्या पुढे चिंचणीकडून खारं वारं सुटतं, ऊन तांबूस होतं, आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेतलं गवत एकदम सोनेरी दिसायला लागतं आणि गॅलरीत उभं राहून काहीही करू नये असं मला वाटतं. मी ते मनापासून करतो. माझी बायको प्रतीक्षा याला तंद्री म्हणते. मी चिंतन म्हणतो. पुढच्या हकिकतीतले बरेचसे घोटाळे या मतभेदातून निघालेले आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

हकिकत व्हिप्ड क्रीमची आहे. हो, केकवर असतं तेच. माझ्यासारख्या संगमनेरकडच्या माणसाने या वयात त्या भानगडीत का पडावं, असा प्रश्न आमच्या इमारतीत सगळ्यांनी विचारून झालेला आहे. त्यात मी काही साधा माणूस नाही. औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मी प्रोसेसला आहे. मोठमोठ्या रिॲक्टरमध्ये माल शिजत असतो आणि तो नेमका कधी थांबवायचा हे मी ठरवतो. एक क्षण इकडेतिकडे झाला तर गुलाबीचा विटकरी होतो. इतकी वर्षं माझ्या हातून गुलाबीचा विटकरी झालेला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मला याचा फार त्रास झाला.

सुरुवात आईपासून झाली. भाद्रपदात आईला ताप आला. ताप आठवडाभराने गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी मातीसारखी लागते म्हणायची. भात नको, वरण नको, दूध तर समोर आणलं की तोंड फिरवायची. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पेजेचे चार घोट, यावर तिचा दिवस निघायचा. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, त्या मागतील ते द्या. आता ज्या बाईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, ती आजारपणात काय मागणार? रोज सकाळी मी तिच्या कॉटपाशी जाऊन काय करू आई, काय खाशील, असं विचारायचो आणि ती म्हणायची, तुमचं व्हऊं द्या. मला भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला बोलूनही दाखवत नव्हतो.

अशात आमच्या स्वराचा वाढदिवस आला. स्वरा पालघरला फार्मसी शिकते, त्यामुळे घरातलं सगळं विज्ञान तिच्या ताब्यात आहे. तिच्या मैत्रिणींनी केक आणला. प्रतीक्षाने उगीच आपलं नातीचा केक म्हणून आईच्या बोटाला थोडं क्रीम लावलं. आईने ते जिभेवर ठेवलं, टाळूला लावून बघितलं आणि म्हणाली, "ज्ञाना, ह्यो फेस न्हाई, साबण हाय."

आणि मग आई बोलायला लागली. महिनाभरात ती इतकी वाक्यं एका दमात बोललेली नव्हती. लहानपणी माहेरी पहाटे तिची आई डेऱ्यात दह्यावरची साय घुसळायला बसायची. थंडीचे दिवस सुरू होत असायचे, अंधार असायचा, रवीचा आवाज यायचा. लोणी यायच्या जरासं आधी डेऱ्यावर पांढरा फेस चढायचा. तिची आई इकडेतिकडे बघायची, एक बोटभर फेस उचलायची आणि शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या थोरल्या लेकीच्या तोंडात घालायची. लोणी तिच्या आजीच्या मोजमापात असायचं, फेस कुणाच्याच मोजमापात नसायचा, पण फेस उचलला की लोणी तेवढं कमी यायचं आणि आजीला ते कळायचं. म्हणून घालताना म्हणायची, गप खा, आजीला सांगू नको.

"तसा फेस मिळंल का रं कुठं?" आईने विचारलं.

मी प्रतीक्षाकडे बघितलं, प्रतीक्षाने माझ्याकडे. आईने काहीतरी मागितलं होतं.

स्वराने तिथल्या तिथे निदान केलं. आजी म्हणते ते व्हिप्ड क्रीमच, बाबा. मलई घुसळली की आधी त्यात हवा भरते, फेस होतो, ते व्हिप्ड क्रीम. आणखी घुसळलं की फेस मोडतो आणि लोणी होतं. म्हणजे आजीला लोण्याच्या अलीकडे थांबलेलं हवंय. मग तिने मोबाइलवर परदेशातल्या शरद ऋतूची चित्रं दाखवली. लालपिवळी झाडं, धुकं, आणि प्रत्येक बशीत भोपळ्याचं काहीतरी, त्यावर मसाल्याच्या क्रीमचा डोंगर. भोपळा आपल्याकडेही आहे, शरद आपल्याकडेही आहे, कोजागरी आठवड्याभरावर आली आहे. तेव्हा यंदा कोजागरीला तांबड्या भोपळ्याचा हलवा, वर केशर-जायफळाचं क्रीम. शिवाय चिकूचं एक क्रीम, कारण डहाणूच्या शेजारी राहून चिकू घातला नाही तर लोक काय म्हणतील. कोजागरीला आमच्याकडे घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. आई मला अजूनही ओवाळते. मी डोक्यावर टोपी ठेवून पाटावर बसतो, केस गेल्यामुळे टोपी जरा घसरते. पण या वर्षी ती उभी तरी राहू शकेल का, हा प्रश्न होता.

थांबायचं कधी, एवढंच ठरवायचं होतं. मी हसलो. म्हटलं, हा तर माझा धंदा आहे.

मी बाजारात धर्मेशभाईंच्या डेअरीत गेलो. म्हशीच्या दुधाचं, मशीनवर काढलेलं दाट क्रीम मागितलं. धर्मेशभाईंनी आनंदाने मोठी पिशवी भरली आणि तूप कसं कढवायचं ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, तूप नाही करायचं. मग लोणी, ते म्हणाले. मी म्हटलं, लोणीही नाही, त्याच्या आधीचं. धर्मेशभाईंनी पिशवीची गाठ मारता मारता माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या डेअरी आहे, पण लोण्याच्या आधीचं मागायला आलेलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी समजुतीने मान हलवली आणि जाताना सांगितलं, "मंद आंच पे कढाना, साहब."

पहिला प्रयोग रविवारी सकाळी झाला. भांड्यात क्रीम, केशर, जायफळ, पिठीसाखर, आणि प्रतीक्षाच्या माहेरून आलेला विजेचा बीटर. बीटर लावला. त्याचा आवाज फार एकसुरी असतो, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. घूंऽऽ असा तो चालला होता, खिडकीतून वारं येत होतं, आणि मला दिसायला लागलं की आईने वाटीभर क्रीम खाल्लं आहे, दुसरी वाटी मागितली आहे, तिच्या बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या आहेत, ती कांदे निवडता निवडता मला नेहमीसारखी रागावते आहे. मग गावाकडचे लोक विचारायला लागले, कशाने बऱ्या झाल्या हो, आणि मी नम्रपणे काहीतरी सांगत होतो. तेवढ्यात बीटरचा सूर बदलला, काहीतरी फतक् फतक् झालं आणि माझ्या चष्म्यावर ताक उडालं. भांड्यात केशरी रंगाचा लोण्याचा गोळा आणि भोवती पाणी. गुलाबीचा विटकरी झाला होता.

प्रतीक्षा अजिबात रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तिने गोळा काढला, धुतला, कढवायला ठेवला. दिवाळीच्या तुपाची सोय झाली म्हणाली. केशर-जायफळाचं तूप आमच्या इमारतीत कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. वास जिन्यातून खाली गेला आणि वासामागोमाग अंकुशराव वर आले.

अंकुशराव म्हणजे तळमजल्यावरचे. बॉयलरवर होते, निवृत्त झाले, आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. वाफेवर इतकी वर्षं लक्ष ठेवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कशावर तरी लक्ष ठेवावंच लागतं, आणि ते आमच्यावर ठेवतात. त्यांनी तूप चाखलं, मला शाबासकी दिली. मी त्यांना समजावून सांगितलं की हे तूप म्हणजे अपयश आहे. ते म्हणाले, असं अपयश सगळ्यांना येवो. मग म्हणाले की पुढच्या वेळी मी स्वतः उभा राहतो, दोन डोळे जास्तीचे बरे.

दुसरा प्रयोग चिकूचा. या वेळी तंद्री लागू नये म्हणून मी उभ्याने बीटर धरला. समोर अंकुशराव, त्यांच्या मागे त्यांच्या सौभाग्यवती सपनाताई, आणि दारात जिन्यावरून जाणारी येणारी दोन माणसं. क्रीम घट्ट व्हायला लागलं, बीटरच्या मागे रेघा उठायला लागल्या, स्वरा म्हणाली, बाबा, झालं. मी बटणाकडे बोट नेलं. आणि अंकुशराव म्हणाले, "अजून थोडं. आलंच आता."

काय झालं मला माहीत नाही. कारखान्यात मी मॅनेजरचं ऐकत नाही. पण अंकुशरावांच्या त्या वाक्यात असं काहीतरी होतं की माझं बोट बटणावरून उठलं. सपनाताई म्हणाल्या, आता सोडू नका हो. दारातला माणूस म्हणाला, कडेला कण दिसायला लागले. चौघांचे चेहरे उजळले होते. फतक् फतक् झालं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग स्वराच्या चेहऱ्याकडे बघून एकेक जण घरी गेला.

रात्री अंथरुणावर पडून मी यावर बराच विचार केला. हा आपल्या रक्तातला दोष आहे, मंडळी. मलई वर आली की आपला माणूस थांबू शकत नाही. पिढ्यानपिढ्या आपण लोणी येण्याची वाट बघत आलेलो आहोत, न आलेल्या लोण्याची आपल्याला हळहळ वाटते, आणि फेस हा आपल्या लेखी वाटेवरचा थांबा आहे, तिथे कुणी उतरत नाही. परदेशात लोक तिथेच उतरतात, तिथेच राहतात, त्यावर भोपळा खातात. हा विचार मी प्रतीक्षाला सांगितला. ती झोपली होती. चिकूच्या लोण्याचं तूप होत नाही, हेही त्या दिवशी कळलं. ते करपतं, आणि करपलेल्या चिकूचा वास तीन मजल्यांवर दोन दिवस राहतो.

माझी कीर्ती पसरली. सपनाताई रिकामी बरणी घेऊन आल्या आणि केशराचं थोडं तूप उरलंय का विचारू लागल्या. कारखान्यात कँटीनमध्ये कुणीतरी मला तूपवाले साहेब म्हणालं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. माणूस एखादी गोष्ट करायला निघतो आणि तिच्या पलीकडच्या गोष्टीसाठी त्याचं कौतुक होतं, यासारखा अपमान नाही. आणि आई? आई कॉटवरून रोज विचारायची, झाला का रं फेस? मी म्हणायचो, होतोय.

तिसऱ्या वेळी तिनेच हाक मारली. आण हिकडं, म्हणाली. तिच्या पेटीत कापडात गुंडाळलेली लाकडी रवी होती, गावाहून आणलेली. ही रवी बोईसरला कशाला आणली असं मी त्या वेळी विचारलं होतं आणि तिने ती पेटीच्या तळाशी सरकवली होती. तिला भिंतीला टेकवून बसवलं, समोर पितळेचं पातेलं ठेवलं. तिने दोन्ही तळव्यांत रवी धरली. हात इतके बारीक झाले होते की मला बघवेना. पण रवी फिरायला लागली आणि ते हात एकदम ओळखीचे झाले. खांदे हलत नव्हते, नुसती मनगटं. डावं, उजवं, डावं, उजवं. थोड्या वेळाने पांढरा फेस वर चढला. खरा, दाट, कडेपर्यंत. आम्ही तिघांनी श्वास धरून ठेवला. स्वरा हळूच म्हणाली, आजी, बास.

आईचे हात थांबले नाहीत. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. रवी फिरतच राहिली, फेस बसला, कण आले, लोणी आलं. तिने सवयीने रवी झटकली, बोटांनी लोणी गोळा केलं, दोन तळव्यांत फिरवून छान गोल गोळा केला आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"हात ऱ्हाईना रं," ती म्हणाली. मग गोळा पातेल्यात ठेवून म्हणाली, "सासरी फेस मी कधी खाल्लाच न्हाई. घुसळणारीनं खायाचा नसतो त्यो. शेजारी बसलेल्या पोरीनं खायाचा."

त्या दिवशी तिने बिस्किटालाही हात लावला नाही. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गवत सोनेरी झालं होतं, पण त्यात माझं लक्ष नव्हतं.

कोजागरीच्या दिवशी सकाळी स्वराने सांगितलं की चूक हातांची नाही, हवेची आहे. या उकाड्यात क्रीम फेसावर टिकतच नाही, क्षणात लोण्यात उडी मारतं. भांडं, रवी, क्रीम, सगळं बर्फासारखं गार पाहिजे, म्हणजे थांबायला वेळ मिळेल. फ्रीजमध्ये सगळं ठेवलं. दुपारी दोनला कोपऱ्यावरची डीपी उडाली. आमच्या डोक्यावरून तारापूरच्या विजेच्या जाड तारा कुठल्या कुठे जातात, आणि त्यांच्याखाली उभं राहून आम्ही डीपीकडे बघत होतो. संध्याकाळपर्यंत येईल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. कुठली संध्याकाळ, ते सांगितलं नाही.

अशा वेळी मला जमना आठवली. जमना चिंचणीची, कोळ्यांची. आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं मासळी घेऊन येते आणि आई शाकाहारी असूनही तिच्याशी तासभर गप्पा मारते. तिला फोन केला. बर्फ कशाला हवा, तिने विचारलं. मी फेसाचं सांगितलं.

"नुसता फेस खायाचा?" ती म्हणाली. "फेस तर आमी दर्यातच सोडून येतो." मग म्हणाली, आजीसाठी हाय ना, मग बंदरावर बर्फाच्या कारखान्यात जा, माझा नाव सांग.

मी स्कूटर काढली. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाने वही उघडली आणि बोटीचं नाव विचारलं. मी म्हटलं, बोट नाही. बोट नाही तर बर्फ कुठे भरणार, तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं, कारण तिथे बर्फ बोटींनाच मिळत होता. मी जमनाचं नाव सांगितलं. तेव्हा त्याने तिच्या बोटीचं नाव लिहिलं, दर्यासखी, आणि विचारलं, किती दिवसांसाठी जाताय? मी सांगितलं, आज संध्याकाळीच परत. त्याने वहीतून मान वर केली, माझा इस्त्रीचा शर्ट बघितला, चष्मा बघितला. मासळी कुठली लागते म्हणून विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती, पण त्याने विचारलं नाही. अर्धी लादी मिळत नव्हती. अख्खी लादी गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायापाशी ठेवली, दोन्ही पाय बाहेर फाकवून मी निघालो. दर्यासखीचा तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून माझी ती पहिली आणि शेवटची फेरी.

आणि इथे माझ्याकडून एक गोष्ट घडली, ती प्रतीक्षाला अजून माहीत नाही. वाटेत मिठागरं लागली. दुपारच्या भरतीचं पाणी आत उरलं होतं, पाण्याच्या चौकोनांत आकाश उतरलेलं होतं, एका बांधावर बगळे एका रांगेत उभे होते आणि कुणीही काहीही करत नव्हतं. मी स्कूटर थांबवली. नुसतं एक मिनिट, असं ठरवून. आईची ती पहाट मला तिथे दिसायला लागली, अंधारातला रवीचा आवाज, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक लहान मुलगी. तिचं नाव इंदू. तिला भूक होती. शेवटी बुटात गार पाणी शिरलं तेव्हा मी भानावर आलो. घरी पोहोचेपर्यंत लादी उशीएवढीच उरली होती.

गच्चीच्या दारात अंकुशराव उभे होते. कोजागरीचा कार्यक्रम गच्चीवर होता आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग याच वर्षी झालेलं होतं. पाणी सांडेल अशी वस्तू वर नेण्यास सोसायटीची मनाई आहे, ते म्हणाले. माझ्या हातात गोणपाट टपकत होतं. मी म्हटलं, हा बर्फ आहे, पाणी नाही. अंकुशराव विचारात पडले. वाफेचा माणूस, अवस्थांतराबद्दल त्यांना आदर होता. शेवटी त्यांनी निर्णय दिला की जोवर घन आहे तोवर हरकत नाही, वितळू लागल्यास सेक्रेटरीस तोंडी कळवावे. मी तिथल्या तिथे तोंडी कळवलं. मग त्यांनीच बर्फाचं एक टोक धरलं आणि वर नेलं. नंतर खाली येऊन आईला खुर्चीसकट वर न्यायलाही त्यांनीच हात लावला, कारण लिफ्ट बंद होती. माणूस नियमाचा आहे, पण वाईट नाही.

वीज नसल्यामुळे गच्चीवर दिवा नव्हता. सगळी इमारत वर आली होती, चुलीवर मसाला दूध उकळत होतं, पूर्वेला डोंगरांच्या मागून चंद्र निघाला आणि हळूहळू माणसांचे चेहरे, सुकत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, सगळं पांढरं होत गेलं. इतका चंद्र मी बोईसरला पाहिलेला नव्हता. एरवी दिवे असतात. लोक आपोआप हळू बोलायला लागले. बंद पडलेल्या डीपीचे मी मनातल्या मनात आभार मानले.

टबात बर्फ, बर्फात पितळेचं पातेलं, पातेल्यात क्रीम. माझ्या एका बाजूला प्रतीक्षा बसली, मी तंद्रीत गेलो की चिमटा काढायचा असं तिचं काम ठरलं होतं. दुसऱ्या बाजूला आईची खुर्ची. मी रवी दोन तळव्यांत धरली आणि फिरवायला लागलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. तळवे लाल झाले, मग झोंबायला लागले. आईला हे रोज पहाटे कसं जमलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मग आवाज जड झाला आणि फेस चढायला लागला. लोक जमले, अर्थातच. पातेल्याभोवती कोंडाळं झालं. अंकुशराव माझ्या खांद्यावरून वाकले. मी त्यांना दुपारीच बजावलं होतं की आज एक शब्द बोलायचा नाही, आणि ते ओठ घट्ट मिटून उभे होते. पण सपनाताईंना कुणी बजावलेलं नव्हतं. अजून थोडं, त्या कुजबुजल्या. मागून कुणीतरी म्हणालं, आलंच. आणखी कुणी म्हणालं, सोडू नका. चांदण्यात सगळंच पांढरं होतं, फेस आणि लोणी यांत मला फरक दिसेना, आणि माझे हात, काय सांगू, माझेही हात राहीनात. डावं, उजवं, डावं, उजवं. प्रतीक्षाने चिमटा काढला. मी तंद्रीत नव्हतो. हातांचा माझ्याशी संबंध उरला नव्हता.

तेवढ्यात खुर्ची करकरली. आई पुढे वाकली आणि तिने सरळ फिरत्या रवीखाली बोट घातलं.

रवी तिच्या बोटाला लागली आणि माझे हात जागच्या जागी थांबले. आईच्या बोटावर रवी मारणारा मुलगा अजून जन्माला यायचा आहे. फेस पातेल्यात कडेपर्यंत उभा होता, लोण्याच्या अलीकडे. आईने बोट बाहेर काढलं, इकडेतिकडे एकदा बघितलं, सगळी इमारत बघत होती तरी बघितलं, आणि बोट तोंडात घातलं. तिचे डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले होते की प्रतीक्षाने माझा हात धरला.

मग आईने पुन्हा बोट घातलं. मग पुन्हा. स्वराने घाईघाईने वाटीत भोपळ्याचा हलवा घेतला, केशर-जायफळ मिसळून वर क्रीम घातलं आणि पुढे केलं. आईने हलव्यावरचं क्रीम खाल्लं, मग खालचा हलवा खाल्ला, मग वाटीच्या कडेने बोट फिरवलं आणि वाटी स्वरापुढे धरली. अजून, असं ती म्हणाली नाही. नुसती धरली. अंकुशराव टाकीच्या मागे जाऊन चष्मा पुसत होते. सपनाताई म्हणाल्या, वितळतंय हो बर्फ, आणि अंकुशरावांनी टाकीमागूनच सांगितलं की कळलं, नोंद घेतली.

निरांजन लावलं. मी पाटावर बसलो, टोपी घातली, टोपी घसरली. आईला प्रतीक्षाने धरून उभं केलं. तिने मला ओवाळलं, सुपारी ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या. आता तोंड गोड करायचं, म्हणून स्वराने पेढा पुढे केला. आईने तो बाजूला सारला. ती वाकली, पातेल्यातून बोटभर फेस उचलला आणि माझ्या तोंडात घातला.

"गप खा," ती म्हणाली, "आजीला सांगू नको."

माझी आजी जाऊन किती वर्षं झाली, आणि आईच्या आजीला तर मी पाहिलेलंही नाही. पण मी गप खाल्लं. आणि कुणालाही सांगितलं नाही, म्हणजे आत्ता तुम्हाला सांगेपर्यंत.